माईक खाली, लाटणं वर

चिंचणीच्या किनाऱ्यालगतच्या मैदानावर हिवाळ्यात टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू झाल्या की खेळाडूंपेक्षा जास्त नाव व्हायचं ते माईकवर बसणाऱ्याचं. गेली पाच वर्षं ती जागा मेहुल तामोरेची होती. एरवी तो बोईसरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. निळा शर्ट घालून कंपनीच्या बसने जायचा, यायचा. तिथे त्याला कुणी ओळखत नसे. पण रविवारी हातात माईक आला की सुरूच्या झाडांवर चढून बसलेली पोरंही त्याच्या वाक्यावाक्याला शिट्ट्या मारायची. "नवापूरच्या गड्याने उचललाय, आणि चेंडू गेला कुठे?" असं विचारून तो थांबायचा, आणि हजार माणसं एका दमात ओरडायची, "भरतीत!"

हे सगळं त्याला शिकवलं होतं शेजारच्या कमलाकांतकाकांनी. काका तरुणपणी गावाचे गोलंदाज होते, पुढे पंचवीस वर्षं या मैदानाचा आवाज. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता श्वासासारखा घोगरा सूर. ऐकायचा तर कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. तेव्हा काकांनी मेहुलला बोलावून आपल्या खुर्चीवर बसवलं. काय बोलायचं, कधी थांबायचं, षटकार गेल्यावर लोकांना किती वेळ ओरडू द्यायचं, सगळं शिकवलं. "बाद झालेल्या पोराची मस्करी करायची नाय," ते त्याच्या कानात सांगायचे, "त्याची आई गर्दीत असते."

काकांची मुलगी तेजल मेहुलच्याच वर्गातली. बीएस्सी होऊन ती तारापूरच्या बाजूला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती. सामन्याच्या दिवशी मेहुलच्या शेजारी बसून टॅबवर धावा नोंदवायची आणि मधेमधे त्याच्याकडे चिठ्ठी सरकवायची: 'याने मागच्या आठवड्यात केळव्याला तीन चेंडूंत तीन षटकार मारलेत.' 'याच्या भावाने याच मैदानावर हॅट्ट्रिक घेतली होती.' मेहुलला किती माहिती असते म्हणून लोक तोंडात बोटं घालायचे. त्यातली निम्मी माहिती शेजारच्या खुर्चीतून यायची, हे मेहुलला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मेहुल सफाळ्याला मुलगी बघायला गेला. दीपिका नाव तिचं, नर्सिंग करत होती. दोनदा भेट झाली. तिसऱ्या वेळी तिचा फोन आला. तिने सभ्यपणे नकार दिला आणि फोन ठेवताठेवता म्हणाली, "वाईट नका मानू, पण दोन भेटींत तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाही."

हे ऐकून माणसाने जरा विचार करावा. मेहुलने मोबाईल काढला.

मोबाईलमध्ये शेरा होता. शेरा कुठला, काय करायचा, कुणाला ठाऊक नव्हतं. गॉगल कपाळावर चढवून गाडीत बसायचा आणि पाऊण मिनिटात आयुष्य समजावून सांगायचा. "पोरी तुमचं ऐकत नाहीत, कारण तुम्ही त्यांना बोलू देता." "जी नकार देते ना, ती स्वतःला फार समजते." मेहुलने एक व्हिडिओ पाहिला, मग मोबाईलनेच दुसरा पुढे केला. बसमधला जाण्यायेण्याचा तास शेराचा झाला. शेजारी बसणारा गोरखपूरचा ऑपरेटर मान डोलवायचा, "सही बोलता है भाई." सुरुवातीला मेहुल हसण्यासाठी बघायचा. महिन्याभरात त्याला वाटायला लागलं की आपली काही चूकच नव्हती, आणि हे वाटणं फार सुखाचं होतं.

डिसेंबरात केळव्याजवळच्या माहीमला स्पर्धा होती. त्या शनिवारी मेहुलची शिफ्ट लांबली. सामने खोळंबले तेव्हा आयोजकांनी तेजललाच म्हटलं, तू बोल थोडा वेळ. मेहुल पोचला तेव्हा ती दुसरा सामना करत होती. तिचं बोलणं त्याच्यासारखं नव्हतं. ती ओरडत नव्हती, गोष्ट सांगितल्यासारखं सांगत होती. "हा गोलंदाज पहाटे बोट लावून आलाय. जाळं ओढलेल्या हातानेच आता चेंडू टाकतोय. बघा त्याची बोटं." आणि लोक खरंच त्या पोराच्या बोटांकडे बघत होते.

मेहुल मंडपाच्या मागे उभा राहून ऐकत होता. खरं सांगायचं तर आधी त्याला बरंच वाटलं. आपल्या घरातलं कुणी चांगलं खेळावं तसं. मग सामन्यांचं ऑनलाईन प्रक्षेपण करणारा त्याचा मित्र धर्मेश हेडफोन काढून म्हणाला, "बघितलंस? तू असतोस त्यापेक्षा जास्त लोक बघतायत आज."

ते वाक्य मेहुल विसरला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःचं चॅनल काढलं. धर्मेशची गाडी मागून घेतली, गॉगल कपाळावर चढवला आणि पाऊण मिनिट बोलला. मधे तेजलची क्लिप घातली. माहीमच्या सामन्यात ती एकदा "बाद!" म्हणाली होती आणि पंचांनी नो-बॉल दिला होता. लगेच हसून ती म्हणाली होती, "माफ करा मंडळी, घाई माझी, चेंडू नो-बॉल हाय." मेहुलने 'बाद' ठेवलं आणि पुढचं कापलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुला एवढंच सांगतो. माईक खाली, लाटणं वर."

आठवड्यात चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. शेराने स्वतः तो पुढे टाकला, वर लिहिलं, 'भावा, मैदान गाजव.' मेहुलने त्या ओळीचा फोटो काढून ठेवला. प्रतिक्रियांचा पूर आला. तो वरून खाली जात एकेका प्रतिक्रियेला पसंतीचा लाल बदाम देत सुटला, वाचायलाही न थांबता.

तेजल चार दिवस काही बोलली नाही. रविवारी मंडपात टॅब सुरू करताकरता तिने विचारलं, "पुढचं वाक्य का कापलंस?"

"अगं, मस्करी होती. तू पण घे ना मजेत."

"मला काय काय मेसेज येतात, दाखवू?"

तिने मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्याने हात पुढे केला नाही. "नाणेफेक झाली," म्हणत तो माईककडे वळला. तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि पहिल्या फलंदाजाचं नाव नोंदवलं.

सव्वीस जानेवारीला अंतिम सामना होता. बॅनरवर दोघांची नावं होती. पहिला डाव मेहुलने करायचा, दुसरा तेजलने. मैदान इतकं भरलं होतं की माणसं बंधाऱ्यावर बसली होती. काकांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दहा वाजल्यापासून येऊन बसले होते. मुलीला अंतिम सामन्यात ऐकायची त्यांची पहिलीच वेळ.

दुसऱ्या डावाचं दुसरं षटक सुरू झालं आणि मंडपाच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी आवाज दिला, "माईक खाली..." क्षणभर काहीच झालं नाही. मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर आलं, "लाटणं वर!"

लोकांना मेहुलनेच सवय लावली होती. अर्धं वाक्य आलं की उरलेलं ओरडायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दुसऱ्यांदा पन्नास जण ओरडले, तिसऱ्यांदा पाचशे. त्यात लहान पोरं होती, पोरी होत्या, दात पडलेली म्हातारी माणसं होती. निम्म्यांना ते वाक्य आलं कुठून हेही माहीत नसावं. ओरडायला मजा येत होती, म्हणून ओरडत होते.

तेजलने तीन चेंडू तसेच सांगितले. आवाज चढवला नाही, थांबलीही नाही. चौथ्या चेंडूला तिने वाक्य अर्धवट सोडलं. तिने मेहुलकडे पाहिलं.

तो हातभर अंतरावर बसला होता. दुसरा माईक त्याच्या हातातच होता, बटण चालू होतं. "ए, गप्प बसा रे," एवढं पुरलं असतं. ती गर्दी त्याचीच होती, त्याच्या एका शब्दावर थांबली असती. पण त्याच्या समोर धर्मेशचा लॅपटॉप होता आणि त्यावर बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. असा आकडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मेहुल हसला. मोठ्याने नाही, नुसता ओठांच्या कोपऱ्यात. पण कॅमेरा त्याच वेळी मंडपाकडे वळलेला होता.

तेजलने माईक टेबलावर ठेवला. आदळला नाही, हळूच ठेवला. टॅबवर चौथ्या चेंडूची एक धाव नोंदवली आणि मंडपाच्या पायऱ्या उतरून गेली.

मैदान हसत होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काका उठले, कठड्याला धरून वर आले आणि तिचा माईक उचलला. भोंग्यातून आधी नुसती खरखर आली. माईक बिघडला असं समजून लोक आणखी हसले. मग त्या खरखरीतून शब्द निघाले. "चौथा चेंडू... एक धाव. गोलंदाज... मुरबे गावचा..." एकेका शब्दासाठी ते मान मागे टाकून श्वास घेत होते. बंधाऱ्यावर बसलेल्या जुन्या माणसांनी तो आवाज ओळखला. कुणीतरी टोपी काढली. पन्नाशीचे दोघे-तिघे उभे राहिले, मग त्यांच्या मागचेही. ओरडा विरत गेला. काकांनी पाचवा चेंडू सांगितला, सहावा सांगितला. षटक संपलं तसा त्यांनी माईक मेहुलच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडे न बघता खाली उतरले.

तेव्हा तरी मेहुलने उठून त्यांच्यामागे जायला हवं होतं. तो उठला नाही. उरलेला अर्धा तास त्याने खड्या आवाजात सामना पूर्ण केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याला सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर या टाळ्या.

पंधरा दिवसांनी ग्रामसभा होती. मेहुलची आई इंदुबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि गावातल्या मासळी सुकवणाऱ्या बायांच्या वतीने बोलायचीही तीच. सुकवायच्या ओट्यांवर पत्रे हवेत, ही बायांची दोन वर्षांची मागणी होती. ती बोलायला उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मावशी, माईक खाली." सभेत हशा पिकला.

हे मेहुलला दुपारी कळलं, तेही आईकडूनच. ती पडवीत बोंबील साफ करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आज तुझं वाक्य ऐकलं."

मेहुल पुढे आला. "कोण बोललं? नाव सांग मला."

"नाव कशाला? ज्याने बनवलं त्याचं माहीत हाय मला." तिने बोंबील पाटीत टाकला. "मी थांबले नाय. माझं पुरं बोलून मगच बसले. पंचवीस वर्सं बाजारात ओरडून मासळी विकली, माझा आवाज असा तसा बसायचा नाय. त्याच ओरडण्यावर तुझी शाळा झाली, मेहुल. पण त्या पोरीला अजून एवढी सवय नव्हती. तिला लागायची होती."

तो आत गेला आणि व्हिडिओ काढून टाकला. काही उपयोग नव्हता. एव्हाना तो दहा जणांनी आपापल्या नावाने टाकलेला होता. मग त्याने पडवीत बसूनच माफीचा व्हिडिओ केला. आईला सभेत काय ऐकावं लागलं, तेही त्यात सांगितलं. तो आठशे लोकांनी पाहिला. तिसऱ्या दिवशी शेराने त्यातला तुकडा उचलून आपल्या चॅनलवर टाकला, "बघा, आईच्या पदराआडचा वाघ." आणि ज्या लोकांनी मेहुलला भाऊ म्हटलं होतं, तेच आता त्याला नाही नाही ते म्हणायला लागले.

एका रविवारी दुपारी त्याने धर्मेशच्या घरी बसून, धर्मेशने स्क्रीनशॉट काढून जपून ठेवलेल्या, त्या जुन्या व्हिडिओखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. पहिल्यांदाच. दोन तास लागले. त्यात शाळेतल्या मित्रांची नावं होती, संघातल्या पोरांची होती, बसमधल्या दोघांची होती. तेजलला काय करायला हवं, कुठे न्यायला हवं, हे लोकांनी असं लिहिलं होतं की ते मोठ्याने वाचता आलं नसतं. एका जागी तो थांबला. कुणीतरी लिहिलं होतं, 'बापाचा आवाज गेला, आता पोरीचाही घालवा.' त्याखाली लाल बदाम होता. चॅनलच्या मालकाने दिलेला.

"हा मी दिला?" त्याने विचारलं.

"तूच," धर्मेश म्हणाला. "मी पण हसलो होतो तेव्हा."

त्या संध्याकाळी मेहुल काकांच्या घरी गेला. शेजारीच घर, पण दीड महिन्यात तो त्या ओट्यावर चढला नव्हता. काका एकटेच होते. तेजल वापीच्या कंपनीत नोकरी धरून गेली होती, तिथे दोघी-तिघींबरोबर खोली घेऊन राहत होती. मेहुलने तिचा नंबर लावून पाहिला होता, लागला नव्हता. एवढ्या लोकांनी त्या नंबरावर फोन केले होते की तिला तो बदलावा लागला होता.

"काका, माझं चुकलं," तो म्हणाला. बाकी घरून ठरवून आणलेलं सगळं विसरला.

काकांनी खूण करून त्याला जवळ बोलावलं. पूर्वीसारखाच त्याने कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुला बोलायला शिकवलं," काका म्हणाले. "गप्प कुठे बसायचं, ते पण शिकवलं." त्यांनी दम घेतला. "गप्प कुठे बसायचं नाय, ते शिकवायचं राहिलं बघ."

ते रागावले असते तर मेहुलला सोपं गेलं असतं. त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, आणि तो मान खाली घालून बसून राहिला. काकांनी त्याला चहा दिला. नवा नंबर मात्र दिला नाही, आणि त्यानेही मागितला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मोसमातली पहिली स्पर्धा लागली. आयोजकांनी मेहुललाच बोलावलं. त्यांच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. नाणेफेकीआधी त्याने माईक घेतला आणि सांगितलं. तेजलची क्लिप मी अर्धी कापून दाखवली होती. चूक तिने तिथल्या तिथे दुरुस्त केली होती. ज्या माहितीसाठी तुम्ही मला डोक्यावर घेतलंत, ती निम्मी तिची होती. अंतिम सामन्यात मी तुम्हाला थांबवू शकलो असतो, पण थांबवलं नाही. हे सांगायला त्याला दोन मिनिटं लागली. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. बंधाऱ्यावरून आवाज आला, "झालं का? चल, मॅच चालू कर!" आणि मैदान हसलं. मेहुलने तो दिवस पार पाडला आणि आयोजकांना सांगितलं की यापुढे दुसरा कुणी बघा. त्यांनी आठवड्यात बघितलाही.

फेब्रुवारीत एका सकाळी, रात्रपाळी करून घरी निघालेला मेहुल कंपनीची बस चुकल्याने बोईसरच्या एसटी स्टँडवर उभा होता. समोरच्या बाकावर काका बसले होते आणि त्यांच्याशेजारी तेजल. तिच्या मांडीवर दवाखान्याची फाईल होती. वडिलांच्या तपासणीसाठी ती दोन दिवसांची रजा घेऊन आली होती. मेहुलला पळून जावंसं वाटलं. पण काकांनी हात वर केला, म्हणून तो जवळ गेला.

"तू मैदानात बोललास ते बाबांनी सांगितलं," तेजल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं ती बोलत होती, आणि तेच त्याला जड जात होतं.

"उशिरा बोललो."

"हां."

"परत येशील का गं कधी? माईकवर? मी आता करत नाय. आयोजकांना मी सांगतो, ते..."

तिने मान हलवली. "कंपनीत दर सोमवारी मीटिंग असते. लॅबचा रिपोर्ट मोठ्याने वाचायचा असतो. दहा-बारा माणसं असतात फक्त, सगळी चांगली हायेत." ती फाईलचा कोपरा सरळ करत होती. "मी लिहून देते. वाचते दुसरी मुलगी."

मेहुल उभाच होता. माफीचे सगळे शब्द त्याने आधीच मैदानात, मोबाईलवर, काकांच्या ओट्यावर खर्चून टाकले होते. ज्या एका माणसाला ते द्यायचे होते, ते माणूस समोर बसलं होतं आणि त्याच्याकडे काही शिल्लक नव्हतं. "माझ्यामुळे झालं," एवढं तो म्हणाला.

"हो," तेजल म्हणाली. मग तिनेच विचारलं, "इंदुमावशी बरी हाय ना? ओट्यांवर पत्रे बसले म्हणे."

"बसले. गेल्या महिन्यात."

"बरं झालं."

चिंचणीची गाडी लागली. तिने वडिलांचा हात धरून त्यांना चढवलं, खिडकीजवळ बसवलं आणि त्यांच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला. काकांनी काचेतून मेहुलकडे पाहून मान हलवली. गाडी मागे सरकली, वळली आणि रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मेहुल तिथेच उभा राहिला. आपल्यालाही त्याच गाडीने घरी जायचं होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.